घडीचे घर

धाकट्याला टेबलावरील खेळांचे वेड. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ सालच्या खेळात पटावरील एक इंचाचा चौरस पाच फुटांचा मानतात. त्या मापाने वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद घर मी जाड कागदाचे केले : चार इंच बाय तीन इंच. तळ चारही भिंतींना चिकटवला. घर भक्कम झाले. पण आमच्या दोन खोल्यांत असे अख्खे गाव ठेवायचे कुठे? दुसऱ्या घराला तळच ठेवला नाही. ते सपाट मिटे. परंतु फासा लागताच भिंती तिरक्या होत.

तिसऱ्या खेपेस तळ एकाच भिंतीला घडीने जोडला. तो खाली पाडला की चारही कोपरे काटकोनात बसतात. वर उचलला की घर मिटते. छप्पर सुटे, मधोमध दुमडणारे.

पुढे तो नोकरीसाठी दूर निघाला. त्याची आई आणि मी त्याला कितीतरी गोष्टींनी बांधू पाहत होतो. बॅग भरताना त्याने सारी घरे एका वहीत मिटून ठेवली. एक मात्र माझ्या हाती देत म्हणाला, “पप्पा, तळ नीट बसतो का पाहा.”

मी घर उघडले. एक कड जोडलेली, तीन मोकळ्या. तरी ते सरळ उभे राहिले.