‘मला मान्य आहे’ : गाडीचा पडदा आणि औषधाची चिठ्ठी

गाडी सुरू केली की समोरचा पडदा उजळतो, कंपनीचं चिन्ह येतं आणि नकाशाच्या आधी इंग्रजीत एक अख्खा परिच्छेद येतो. लक्ष रस्त्यावर ठेवा, नकाशातली माहिती चुकीची असू शकते, वाहतुकीचे नियम पाळणं ही तुमची जबाबदारी, वगैरे. खाली एक चौकोन असतो, ‘मला मान्य आहे’ या अर्थाचा. त्यावर बोट ठेवल्याशिवाय पुढे काही उघडत नाही. मित्रहो, तुमच्याही गाडीत हे येत असेल तर मला सांगा, ती सूचना तुम्ही शेवटची पूर्ण कधी वाचली?

मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला आहे. उत्तर बहुधा हसूनच येतं. कोणीच वाचत नाही, आणि त्यात आळशीपणा अजिबात नाही. मेंदूचं कामच तसं आहे. एखादा इशारा वारंवार आला आणि त्यानंतर काहीच घडलं नाही, तर मेंदू त्याची दखल घेणं थांबवतो. एरिक कँडेल या शास्त्रज्ञाने हे एका समुद्री गोगलगायीत दाखवलं. तिला हलका स्पर्श केला की ती कल्ले आत ओढते. पण तोच निरुपद्रवी स्पर्श पुन्हा पुन्हा केला की प्रतिसाद मंदावत जातो, कारण दोन चेतापेशींच्या सांध्यात सुटणारं रसायनच कमी होतं. शिकणं आणि स्मृती यांवरच्या कामासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं. गोगलगायीचं जे होतं तेच आपलंही होतं. आपण याला ‘सवय झाली’ म्हणतो.

मग कोणी वाचत नसलेली सूचना कंपन्या का दाखवतात? कारण ती तुमच्यासाठी नसते. उद्या अपघात झाला आणि कोणी कोर्टात म्हणालं की नकाशाने चुकीच्या रस्त्याला नेलं, तर ‘आम्ही सांगितलं होतं, त्यांनी मान्य केलं होतं’ असं म्हणता यावं, यासाठी ती असते. अमेरिकेतल्या दाव्यांतून ही रीत रुजली. आपल्याकडेही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न देणारा उत्पादक जबाबदार धरला जातो. कायदा चांगलाच आहे. पण त्यातून कंपनीने काढलेला अर्थ असा, की सांगितल्याचा पुरावा राहिला म्हणजे झालं, ऐकणाऱ्याला समजलं की नाही हा मुद्दा वेगळा. ‘पडद्याकडे पाहू नका’ हे पडद्यावरच लिहायचं, तेही इंग्रजीत, आणि ते घालवायला पडद्यावरच बोट लावायचं. आपल्या वऱ्हाडातल्या किती चालकांना ते इंग्रजी वाचता येतं, हा विचार त्यात कुठेच नाही.

हे नुसतं वैतागवाणं असतं तर मी लिहिलं नसतं. पण मेंदू इशाऱ्यांची वर्गवारी करत नाही. कंपनीला वाचवणारा कोणता आणि तुम्हाला वाचवणारा कोणता हे तो वेगळं काढत नाही, सगळ्यांनाच एका पोत्यात भरतो.

१ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत वेगाचा इशारा सक्तीचा आहे. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की अधूनमधून ‘टिंग’ वाजतं, १२०च्या पुढे सतत. आता अमरावती-अकोला रस्ता आठवा. २०२२च्या जूनमध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचं डांबरीकरण झालं आणि त्याचा गिनीज विक्रम झाला. बडनेरा सुटलं की गाडी आपोआप पळायला लागते. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर कारसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा १०० आहे. म्हणजे नियमात राहूनही मूर्तिजापूरपर्यंत ‘टिंग’ वाजत राहणार. माणूस गाण्याचा आवाज वाढवतो. मग पट्ट्याचा इशारा वाजतो, तोही त्याच गोंगाटात जातो. काही जण तर पट्ट्याच्या खाचेत धातूची क्लिप खुपसून तो आवाजच बंद करतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर या क्लिपांची चर्चा झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विकणं थांबवायला सांगितलं. पट्ट्याचा आवाज हा गाडीतला सगळ्यात प्रामाणिक इशारा, आणि लोकांनी पैसे देऊन बंद केला तो नेमका हाच.

दवाखान्यातही हे घडतं. अतिदक्षता विभागात मॉनिटर दिवसभर वाजत असतात, पुष्कळदा नुसती वायर सरकलेली असते. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये इशारा दिला होता. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मशी संबंधित ९८ घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या, आणि त्यातल्या ८० रुग्णांचा मृत्यू झाला. घंटा वाजूनही दखल न घेणं हे अशा घटनांमागचं एक मोठं कारण आहे.

औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी हा तर पडद्यावरच्या सूचनेचा सख्खा भाऊ. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आणि नेहमी होणारी मळमळ व लाखात एखाद्याला होणारा त्रास एकाच ओळीत. ती बहुतेक जण फेकतात. पण कोणी मन लावून वाचली तर उलटा धोका होतो. मूर्तिजापूरकडचे एक काकाजी, स्टेंट टाकून चौथा महिना चालू. आले होते काकूंच्या तापासाठी. निघता निघता म्हणाले, “डाक्टरसाहेब, थो कागद वाचला अन् गोया बंदच करून टाकल्या. त्याच्यात त सब्बन रोगच लेहेले हायेत.” बारा दिवस रक्त पातळ ठेवण्याच्या दोन्ही गोळ्या बंद होत्या. स्टेंट नवा असताना त्या गोळ्या सोडल्या तर आत गुठळी होऊन झटका येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. काकाजींना काही झालं नव्हतं, ईसीजी ठीक होता, त्या दिवसापासून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या कागदावर सगळं होतं. ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका’ हेही होतं, पण ते चाळिसाव्या ओळीत.

सर्दीच्या गोळ्यांचं आणखी वेगळं. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधाने झोप येते. ‘गाडी चालवू नका’ हे पाकिटावर छापलेलं असतं. आपण मेडिकलवर चारच गोळ्या मागतो, तो कात्रीने चार कापून देतो. सूचना उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर दुकानातच राहते.

म्हणून मी औषध लिहून देताना सगळे दुष्परिणाम वाचून दाखवत नाही. जो इशारा त्या माणसाच्या कामाचा आहे तो एकच, त्याच्या बोलीत, त्याच्याकडून परत म्हणवून घेतो. ट्रॅक्सवाला असेल तर झोपेबद्दल, स्टेंटवाला असेल तर गोळी न सोडण्याबद्दल. तुमच्या डॉक्टरांनी नाही सांगितलं तर तुम्ही विचारा : “यातली कोणती एक गोष्ट मी विसरायचीच नाही?”

आणि पडद्याबद्दल. जायचं ठिकाण गाडी उभी असतानाच घाला आणि आवाजी सूचना चालू ठेवा. ताशी ८०च्या वेगात दोन सेकंद नजर हटली की गाडी ४४ मीटर जाते. अमेरिकेतल्या १०० गाड्यांच्या प्रसिद्ध अभ्यासात, दोन सेकंदांहून जास्त काळ नजर हटल्यास अपघाताचा वा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका साधारण दुप्पट आढळला. मोबाइलवर नकाशा वापरायला आपल्या नियमात ऑक्टोबर २०२० पासून मुभा आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने.

शेवटी, त्या पडद्यावर जे कधीच येणार नाही ते सांगतो, कारण पडद्याला तुमची शुगर माहीत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर लांब निघण्याआधी शुगर तपासा. ९०च्या खाली असेल तर खाऊन, पुन्हा तपासून मगच निघा. वाटेत घाम, थरथर, धूसर दिसणं सुरू झालं तर बोरगाव मंजू पाचच किलोमीटर राहिलं असलं तरी गाडी बाजूला घ्या, गोड खा, आणि शुगर नीट झाल्यावरही पाऊण तास थांबा. ग्लुकोजची पुडी हाताशी असलेल्या कप्प्यात ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.