रिलिव्हर

हजेरीपटावरची चूक पगाराच्या दिवशी माणसाच्या घरी पोचते. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिस माझ्याकडे आलं, तेव्हा हे कळायला मला दोन पगार लागले.

आल्याआल्या मी सगळ्यांना एकच नियम लावला. दहा मिनिटांची सवलत, पुढे लेट मार्क, तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. बॉयलर, मेंटेनन्स, अकाउंट्स, कँटीन, सगळ्यांसाठी नोटीस बोर्डावर एकच कागद. मला तो मनापासून न्याय्य वाटत होता. त्याआधी ऑफिसातली मंडळी साडेदहाला आली तरी कुणी विचारत नसे आणि कामगाराला पाच मिनिटं उशीर झाला तर गेटवरूनच परत पाठवत. ते मला सलत होतं.

पहिल्याच महिन्यात मेंटेनन्सचा एक फिटर समोर येऊन उभा राहिला. आदल्या रात्री कॉम्प्रेसर बंद पडला, म्हणून तो दीड वाजेपर्यंत थांबला होता. सकाळी नऊऐवजी दहाला आला. पंचिंग मशीनने दोन्ही वेळा नोंदवल्या होत्या, माझ्या नियमाला मात्र सकाळचीच दिसली. त्यानंतर बॉयलरवरचा एक जुना अटेंडंट आला. त्याची पाळी दोनला सुटते, पण त्या दिवशी रिलिव्हर तीनला उगवला. मी सांगितलं की उशिरा आलेल्याला लेट मार्क लागलाय. तो म्हणाला, "तो आल्याबिगर बॉयलर सोडून जाता येते का जी? त्याले लेट मार्क लागला, बरोबर आहे. पण माही अडीचची बस गेली, थे कोन्या रजिस्टरात लिहिता?"

त्या प्रश्नापाशी मी बरेच दिवस अडले. अकाउंट्सचा माणूस वीस मिनिटं उशिरा आला तर एक बिल थांबतं, संध्याकाळी ते उरकता येतं. बॉयलरवरचा माणूस वीस मिनिटं उशिरा आला तर आठ तास आगीसमोर काढलेला दुसरा माणूस थांबतो. घड्याळ एकच, पण वीस मिनिटं दोन वेगळ्या खिशांतून जातात. मग मी विभागांची यादी नव्याने केली. हुद्दा बाजूला ठेवला, उशिराने कोण अडकतं तेवढंच पाहिलं. जिथे माणूस अडकतो तिथे वेळ काटेकोर ठेवली. पण पाळी बदलताना दोघं एकत्र असण्याची पंधरा मिनिटं पगारात धरली आणि थांबावं लागलेल्याचा वेळ ओव्हरटाइममध्ये घेतला. १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर होता, तो मागायला माणसाने माझ्या टेबलापर्यंत यावं हेच मला चुकीचं वाटू लागलं. जिथे कागद थांबतो तिथे नऊ ते साडेदहात केव्हाही या, तास भरा. मेंटेनन्सला रात्री थांबलेल्याची नोंद फोरमनने त्याच रात्री करायची.

अर्ध्या दिवसाची कपात तर मी कायदा नीट वाचूनच मागे घेतली. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात साफ लिहिलं होतं की गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच हवी. तीनदा पंधरा मिनिटं म्हणजे पाऊण तास. मी कापत होते चार तास. सव्वातीन तास माणसाने घाम गाळला होता आणि त्याचे पैसे मी शिस्त म्हणून ठेवून घेतले होते. पुढच्या पगारात ते परत केले. किती जणांना ते आधीच हवे होते, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

नागपुरात गैरहजेरीचा प्रश्न जुना आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, तेव्हा रोज शंभरातले वीसेक कामगार येतच नसत. दंड किंवा हकालपट्टी हे सोपे मार्ग होते. त्याऐवजी टाटांनी १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघात भरपाईची सोय केली, कामगारांच्या कुटुंबांसाठी मेळे आणि खेळाचे दिवस ठेवले. गांधीसागर तलावाजवळच्या त्या जागेवर आता मॉल उभा आहे. तिथून जाताना मला वाटतं, का आला नाहीस हे त्यांनी रागवायच्या आधी विचारलं असावं.

मीही खाड्यांचे जुने मस्टर काढून बसले. जून-जुलैतले खाडे पेरणीचे, ऑक्टोबरातले सोयाबीन काढणीचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, त्या दिवशी तर लाइन अर्धी रिकामी. हे सगळं आधीपासून माहीत असतं. म्हणून मे महिन्यातच शेतीवाल्यांच्या रजा लिहून घेते आणि बदली माणसं आधी ठरवते. खाडे कमी झाले. पूर्ण गेले नाहीत, जाऊही नयेत, शेत त्यांचंच आहे.

एक जागा मात्र मला अजून सरळ करता आलेली नाही. लोडिंगची माणसं ठेकेदाराची. त्यांची हजेरी त्याचा मुकादम वहीत घेई, एका उशिराला पूर्ण दिवस खाडा. त्यांना आमच्या मशीनवर आणलं, तर पोती उचलून अंगठे इतके घासलेले की मशीन ते ओळखेना. आता गेटवर वेगळं रजिस्टर ठेवलंय. आल्याची आणि गेल्याची वेळ लिहून त्यांची सही घेते आणि ठेकेदाराचं बिल पास करायच्या आधी त्याची वही या रजिस्टरशी लावून बघते. मागच्या महिन्यात नऊ खाडे जुळले नाहीत. बिल अजून माझ्या टेबलावर आहे.