महाबळेश्वरची ओल

मैत्रिणींनो, महाबळेश्वरचा पावसाळा पाहिलाय कधी? सुमारे ४५०० फुटांवरचं गाव, वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस! मागच्या जुलैत आम्ही थोरल्या नणंदेकडे गेलो. मीठ ओलं, अंथरुणं दमट. पहिल्याच रात्री मी खोलीत दोरी बांधून कपडे वाळत टाकले, दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवली. ऊब राहिली बाजूला, भिंतींना पाणी सुटलं अन् धाकटीचं डोकं दुखायला लागलं. वन्संनी धावत येऊन आधी खिडकी उघडली. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच जीव जातो. शिवाय कपड्यांतलं पाणी हवेत जातं आणि गार भिंतीवर उतरतं. तेव्हा शेगडी खोलीबाहेर, कपडे पडवीत. अंगाखालचं कोरडं असलं, की पांघरूणही पुरतं बरं!