सेवा कुणाच्या नावाने?

गोरेगावात आमच्या संगणकावर एक काम रोज रात्री आपोआप होते. आसपासच्या बायकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या ते दुसऱ्या डिस्कवर उतरवते आणि प्रत मुळाबरहुकूम आहे की नाही, हे पडताळते. हे काम आमच्या नावाने चालावे की यंत्रणेची सेवा म्हणून, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक. आम्हांला तो मालकीचा वाटला.

आमच्या नावाचे काम साधारणतः आम्ही लॉगिन केलेले असेपर्यंतच जिवंत. सेवा मात्र यंत्र सुरू होताच उभी राहते, समोर कुणी असो वा नसो. अशा अदृश्य कामकऱ्यांना १९६३च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधील मंडळींनी ‘डीमन’ म्हटले, ते मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातल्या, रेणू निवडत बसणाऱ्या कल्पित जीवावरून. मराठीत कुणी त्याला वेताळ म्हणेल. (विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ निदान गोष्टी तरी सांगतो.) आम्हांला आठवते ती जनाबाई. परंपरा नामदेवांचे जन्मस्थान मानते ते नरसी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात. जनाबाई गंगाखेडची, नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी. तिच्या जात्याला हात लावायला खुद्द विठ्ठल येतो, अशी आख्यायिका. राबणाऱ्यांची नावे घराला क्वचितच ठाऊक असतात. तिचे उरले, कारण ती बोलली.

तेव्हा सेवाच करायची, पण बोलणारी: काम झाले वा फसले, तर नोंद लिहिणारी. अखंड जागे राहण्याची तिला गरज नाही. वेळ झाली की उठावे, काम उरकून निजावे. क्रॉनची वेळ वीज नसताना टळली, की त्या रात्रीचे काम राहूनच जाते. सिस्टिमडीच्या टायमरला ‘पर्सिस्टंट’ सांगून ठेवले, तर यंत्र पुन्हा सुरू होताच तो राहिलेले काम करवून घेतो. आमच्याकडे वीज जाते, एवढे कारण पुरे होते. तिला रूटचे सर्वाधिकार मात्र दिले नाहीत. तिच्यासाठी वेगळा, दुबळा वापरकर्ता केला: मूळ फायली वाचाव्यात, लिहावे ते फक्त प्रतीच्या डिस्कवर.

पुसण्याचे कामही तिला दिलेले नाही. मुळातली फाईल काढली तरी प्रत तशीच राहते, चुकून गेलेले परत मिळावे म्हणून. पुढे एका आजींनी सासूवरची एक ओवी काढून टाकायला सांगितली. सासू वारून कैक वर्षे झालेली, तरी नातसुनेने ती ऐकू नये, असे त्यांचे म्हणणे. ती आम्ही दोन्ही डिस्कांवरून हाताने काढली, आजी शेजारी बसलेल्या असताना.