बऊबाजारातलं मराठी पान

इंग्रजीतून मराठीचं पहिलं छापील व्याकरण लिहिणारा माणूस कलकत्त्यातल्या एका बाप्टिस्ट मंडळीचा पाळक होता! हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही? विल्यम कॅरी हे नाव वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. 1805 मध्ये व्याकरण, 1810 मध्ये मोडी टायपातला कोश, मदतीला वैजनाथ शर्मा नावाचे पंडित, आणि परिच्छेद संपला. हा माणूस व्याकरणाची मुद्रितं तपासून संध्याकाळी कुठे जायचा, कुणापुढे उभा राहून बोलायचा, त्याच्याभोवती कोण माणसं होती, याचा पत्ताच नव्हता.

पत्ता लागला तो कलकत्त्यातल्या बऊबाजारात. माझा मामेभाऊ तिथे गलाईचं दुकान चालवतो. आमच्या विटा-आटपाडीकडची माणसं सोनं गाळायला देशभर पांगली आहेत, तशी तिथेही आहेत. त्याच्याकडे गेलो असताना लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाकडून सराफी दुकानांच्या रांगेतून चालत होतो आणि एका फाटकावर कॅरींचं नाव दिसलं. कॅरी बाप्टिस्ट चर्च. मी थबकलोच. आपलेच कॅरी? हो, तेच! 1 जानेवारी 1809 ला उपासनेसाठी उघडलेलं, तेव्हा लालबाजार चॅपल म्हणून ओळखलं जाणारं हेच ते ठिकाण. त्या रात्री मी झोपलो नाही. जे मिळेल ते वाचत सुटलो, आणि अजून वाचतो आहे.

आधी सेरामपूर समजून घ्यायला हवं. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून कॅरी आणि त्यांचे मिशनरी सोबती कलकत्त्याच्या वर, हुगळीकाठी, डेन्मार्कच्या ताब्यातल्या या गावात राहिले. इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशरच्या खेड्यात जोडे शिवता शिवता भाषा शिकलेले कॅरी, शाळामास्तर जोशुआ मार्शमन आणि छापखान्याचे जाणकार विल्यम वॉर्ड. 24 एप्रिल 1800 ला तिथे मंडळी स्थापन झाली आणि कॅरी पाळक निवडले गेले. त्याच वर्षी 28 डिसेंबरला नदीच्या घाटावर कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच पाण्यात कॅरींचा स्वतःचा मुलगा फीलिक्स याचाही. बाप्टिस्टांची श्रद्धा अशी की तान्ह्या मुलाला पाणी लावून भागत नाही. माणसानं कळत्या वयात, आपल्या तोंडानं विश्वास सांगून, पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. म्हणजे पाळकाचा मुलगा आणि गावचा सुतार, दोघांना दार एकच! त्याआधी काही दिवस कृष्ण पाल मिशनरींबरोबर उघडपणे एका पंगतीला जेवला होता. 1800 सालच्या बंगालमध्ये या जेवणानं केवढी खळबळ माजली असेल! आणि 1803 मध्ये त्याच्या मुलीचं लग्न ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण तरुणाशी लागलं. सालं पुन्हा एकदा पाहा. आपल्याकडे तेव्हा पेशवाई होती.

कॅरींच्या एका दिवसाचं वर्णन त्यांच्याच 1806 च्या पत्रात आहे, आणि ते मी येईल त्याला सांगत सुटलो आहे. पहाटे उठून हिब्रू बायबल. नोकरांबरोबर बंगालीत प्रार्थना. मग मुन्शीबरोबर फारसी. न्याहारीनंतर पंडिताला घेऊन संस्कृत रामायणाचं भाषांतर. मग फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवणी. दुपारी बंगाली मुद्रितं आणि मृत्युंजय पंडितांच्या मदतीनं संस्कृत भाषांतर. संध्याकाळी तेलुगू पंडित. रात्री सुमारे चाळीस माणसांपुढे इंग्रजीत उपदेश. आणि उपदेश संपल्यावर? नव्या प्रार्थनागृहासाठी वर्गणी मागणं! तेच प्रार्थनागृह पुढे लालबाजारला उभं राहिलं. त्या कॉलेजात कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत, आणि पगारातला बहुतेक पैसा सेरामपूरच्या सामाईक तिजोरीत घालत. मिशनचं सगळं काम त्या तिजोरीवर चाले. कंपनीच्या कोवळ्या साहेबांना मराठी विभक्त्या घोकायला लावून मिळालेले रुपयेही तिच्यात होते! हे वाचलं तेव्हा मी खोलीत उभा राहिलो आणि मोठ्यानं कुणाला तरी हाक मारली.

हे सगळं ज्या घरातून चालत होतं त्या घरात कॅरींच्या पत्नी डोरोथी होत्या, हेही सांगायलाच हवं. त्यांना भारतात यायचं नव्हतं. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर 1794 मध्ये वारला आणि त्यांचं मन कायमचं ढासळलं. 1807 मध्ये त्या वारल्या. कॅरींच्या कामाची मोठी किंमत या बाईनं मोजली आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. कॅरींवरचं माझं प्रेम हे वाचून कमी झालं नाही, पण त्यात दुःख मिसळलं.

चॅपल उघडल्यावर सेरामपूरचे हे तिघेही आलटून पालटून लालबाजारचे पाळक. कृष्ण पाल सुतार आता कलकत्त्यात बंगालीतून उपदेश करत होता. ऐकायला गोरे शिपाई, अँग्लो-इंडियन, पोर्तुगीज, आर्मेनियन, बंगाली. पुढे फाटाफूटही झाली. 1818 च्या सुमारास तरुण मिशनरी सेरामपूरच्या वडीलधाऱ्यांपासून वेगळे झाले. त्यांत कॅरींचा सख्खा पुतण्या यूस्टेस होता. त्यांनी सर्क्युलर रोडला आपली निराळी मंडळी उभी केली. कॉलऱ्यानं 1823 मध्ये वॉर्ड यांना नेलं. जावा-सुमात्रा पाहून आलेले विल्यम रॉबिन्सन 1825 पासून लालबाजार सांभाळू लागले.

पण मला वेड लावलं ते 1812 सालानं! त्या वर्षी 6 फेब्रुवारीला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली: ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल, ल्यूथर राइस. हे बाप्टिस्ट नव्हते. त्यांच्या पंथात तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा होई. कलकत्त्यात कॅरींशी गाठ पडणार, वाद होणार, म्हणून जडसन जहाजावर तयारीला बसले, शास्त्र उलटंपालटं केलं आणि कलकत्त्याला पोचल्यावर कबूल केलं की कॅरींचंच बरोबर आहे. 6 सप्टेंबर 1812 ला लालबाजार चॅपलमध्ये वॉर्ड यांनी जडसन आणि त्यांची पत्नी ॲन यांना बाप्तिस्मा दिला. त्यासरशी त्यांना पाठवणाऱ्या संस्थेकडून, बॉस्टनहून येणाऱ्या पैशावर पाणी पडलं. नोव्हेंबरमध्ये राइसही त्याच पाण्यात उतरले आणि मग अमेरिकेत परत जाऊन बाप्टिस्टांना जागं करत गावोगाव फिरले. जडसन पती-पत्नी ब्रह्मदेशात गेली आणि जडसननी अख्खं बायबल बर्मीत आणलं.

आणि उरलेले? कंपनीनं चालते व्हा म्हटल्यावर हॉल आणि नॉट कलकत्त्याहून निसटले आणि फेब्रुवारी 1813 मध्ये उतरले ते थेट मुंबईत! अमेरिकन मराठी मिशन ते हेच! न्यूएलही पुढे तिथेच आले. त्यांची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट वाटेत मॉरिशसला वारली होती. ते स्वतः 1821 मध्ये आणि हॉल 1826 मध्ये कॉलऱ्यानं गेले. हॉलना मरण आलं ते त्र्यंबकच्या बाजूच्या एका खेड्यात.

लालबाजारच्या त्या पाण्यापाशी मित्रांची वाट फुटली आणि एक फाटा आपल्या दारात आला. त्या फाट्यावर काय काय आहे! 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा. मग सिंथिया फरार बाई, त्यांची अहमदनगरची शाळा, आणि ती पाहून पेटलेले जोतीराव फुले. 1842 मध्ये सुरू झालेला 'ज्ञानोदय', ज्याचं संपादन पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केलं. या लोकांना धर्म पसरवायचा होता, हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्याबद्दल कुणाचं काही मत असो. मी मात्र हात जोडतो ते त्यांच्या छापखान्याला. मुंबईत या अमेरिकनांनी मराठी छपाई सुरू केली तेव्हा यंत्र आणि देवनागरी खिळे कलकत्त्याहून आणवले होते! त्याच छापखान्यात पुढे जावजी दादाजी नावाचा एक गरीब पोरगा कामाला लागला, खिळे घडवण्याची कला शिकला आणि 1869 मध्ये त्यानं स्वतःचा छापखाना काढला. निर्णयसागर! आजोबांच्या फडताळातल्या संस्कृत पोथ्या तिथेच छापलेल्या आहेत.