तिला विचारलंय का?

आत्तीनं हात मागं ओढून घेतला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आत्तीचे यजमान, आमचे मामा, गेले होते; त्यांना पंचगंगेवर नेण्याआधी बायकांनी आत्तीला परसात नेलं, न्हाणीच्या दगडापाशी बसवलं. गौरीच्या सणाला भरलेला हिरवा चुडा तिच्या हातात होता. शेजारच्या एका आजींनी तिचं मनगट धरलं. आत्तीनं हात सोडवून घेतला. आजींनी तो पुन्हा धरला, आणि मग काच फुटल्याचा आवाज आला.

त्या आजी स्वतः विधवा होत्या. बांगड्या फोडताना त्या हुंदके देत होत्या. परसात जमलेल्यांत दुष्ट कुणीच नव्हतं. सगळ्या आत्तीवर जीव लावणाऱ्या, तिच्या बाळंतपणात रात्री जागलेल्या बायका होत्या. पुढे मानवी हक्कांबद्दल जे काही वाचलं, ऐकलं, ते मी या परसाशी लावून बघत आले. तुरुंग, पोलीस, न्यायालय इथले हक्क समजायला सोपे वाटायचे, कारण समोर सत्ता दिसते. परसात मात्र समोर उभी असते ती आपलीच माणसं.

म्हणून ४ मे २०२२ ला कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. गावाच्या दप्तरात, ठरावाच्या भाषेत हे शब्द! जे घराच्या मागल्या दारी, पुरुषांच्या नजरेआड उरकलं जायचं, ते पाणीपट्टी आणि गटारीच्या विषयांबरोबर गावाचा विषय झालं. त्याआधीच्या दोन वर्षांत कोरोनानं किती तरुण बायकांची कपाळं पुसली होती, हे गावोगाव दिसत होतं. १७ मे ला राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठरावानंतर दोनच दिवसांनी, ६ मे ला, शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली. कोल्हापुरात त्यांचं नाव घेणं सोपं आहे, चौकाचौकात ते आहे. मला मात्र त्या दिवसांत आठवत राहिल्या त्यांच्या सूनबाई, इंदुमतीदेवी. १९१८ मध्ये त्यांचे पती, राजपुत्र शिवाजी, शिकारीत दगावले, तेव्हा ही मुलगी पुरती बारा वर्षांचीही नव्हती. आदल्याच वर्षी महाराजांनी संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. पण दरबारात हुकूम काढणं वेगळं आणि आपल्याच वाड्यातल्या सोवळ्या-ओवळ्याशी झगडणं वेगळं. पोटच्या पोराचं दुःख उरात असताना त्यांनी या पोरीला सोनतळीला ठेवलं, तिच्या शिक्षणाची सोय केली, सोबतीला शिकणाऱ्या मुली दिल्या. कायद्याचा उंबरा त्यांनी स्वतःच्या घरात ओलांडला. त्यांच्या सगळ्या कामात मला हे सर्वात अवघड वाटतं.

हेरवाडच्या ठरावावर एक आक्षेप मी बऱ्याचदा ऐकला: यात शिक्षा कुठं आहे? कुणी नाही पाळला तर काय करणार? खरं आहे, ग्रामपंचायतीच्या अशा ठरावानं कुणी तुरुंगात जात नाही. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं हे राज्यघटनेच्या ५१ क कलमात नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, त्यालाही दंड नाही. पण त्या परसातल्या कुणाला पोलिसांनी धरायचं होतं? रडणाऱ्या आजींना? त्या दिवशी कुणीतरी एकीनं जरी म्हटलं असतं, ‘गावानं हे बंद केलंय’, तर आजींचा हात थांबला असता, असं मला वाटतं. त्यांनाही थांबायला निमित्त हवं होतं.

माझ्या मनातली शंका वेगळी होती. काढायलाच हवं, ही एक सक्ती गेली, आणि घालायलाच हवं, ही दुसरी आली तर?

ठरावाच्या पुढच्या वर्षी आमच्या गल्लीत एकजण अचानक गेले. त्यांची बायको माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. बायका जमल्या, तिला उठवायला लागल्या. मी दारातच उभी राहिले. पाय थरथरत होते. म्हटलं, “तिला विचारलंय का?”

एक मावशी म्हणाल्या, “असल्या वेळी काय विचारायचं, बाई?” पण तिचा धरलेला दंड त्यांनी सोडला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी तिच्यापाशी बसले आणि तिलाच विचारलं. तिनं मान हलवली, म्हणाली, “आत्ता काही नको. माझं मी बघीन.”

चौदाव्या दिवशी तिनं मंगळसूत्र स्वतःच्या हातानं काढून कपाटात ठेवलं. बांगड्या ठेवल्या. कुंकू काही दिवस लावत नव्हती, आता कधी लावते, कधी नाही. संक्रांतीला मी हळदीकुंकवाचं सांगायला तिच्या दारात गेले, तर ती म्हणाली, “यंदा नको ताई, मन होत नाही.” मी बरं म्हटलं, तिळगूळ दिला आणि पुढच्या दारी गेले. यंदा मी पुन्हा सांगून आलेय.