माळवदावरची माती

आमच्या मराठवाड्यात घर खणांवर मोजत. पाच खणांचं, सात खणांचं, नऊ खणांचं. सोयरीक बघायला आलेली माणसं एकर विचारून झाले की खण विचारत, आणि विचारता विचारता नजर वर नेत. वर माळवद असे. जाडजूड तुळया, त्यांवर आडव्या फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर माती. ही माती शेतातली चालत नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. माळवदाला लागते ती पांढरीची, गावठाणातली, चिकट माती. मृगाच्या आधी, आभाळ भरून यायच्या बेताला, बायाबापड्या टोपल्यांनी ती वर चढवत, पसरत, चोपत. गेल्या पावसात जिथं गळलं होतं तिथं एक टोपलं जास्त. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जुना थर मात्र कुणी काढत नसे. काढायचं कारणच काय? त्यामुळे जितकं घर जुनं तितकं त्याच्या डोक्यावरचं ओझं मोठं. दीड-दोन फूट मातीचा थर ही काही नवलाची गोष्ट नव्हती. त्या मातीमुळे वैशाखात घरात गारवा असे. रात्री आम्ही पोरं त्याच मातीवर अंथरुणं टाकायचो आणि साण्यातून खाली चुलीपाशी बसलेल्या आजीला हाका मारून भंडावून सोडायचो.

भिंतींचंही असंच. दोन-तीन हात रुंद. बाहेरून दगड बऱ्यापैकी घडवलेला, आतून गिलावा, कोनाडे, देवळ्या. बघणाऱ्याला ती एक भिंत वाटे. प्रत्यक्षात त्या दोन भिंती होत्या, पाठीला पाठ लावून उभ्या, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे, चिपा, माती. दोन्ही अंगांना आरपार धरून ठेवील असा लांब दगड घालायची रीत कधीतरी मागे पडली होती. तो घडवायला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि नसला तरी बाहेरून दिसत नाही. जाड भिंत म्हणजे सुरक्षित घर, एवढाच हिशेब. म्हातारी माणसं रझाकारांच्या दिवसांचे दाखले देत, दरोड्यांचे देत, आणि भिंतीवर हात थोपटत.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, थकून, गावं गाढ झोपली होती. पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. यंत्रांनी नोंदलेला आकडा ६.२ ते ६.४ च्या दरम्यानचा. एवढ्या धक्क्याला सगळी घरं भुईसपाट व्हायलाच हवीत असं नाही. आमच्याकडची झाली. भिंतींचे दोन पदर सुटे झाले, एक आत पडला, एक बाहेर, आणि पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं पुढं मूळ जागेवरून उठवून दुसरीकडे वसवावी लागली. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या झोपड्या, पत्र्याची खोपटं बऱ्याच ठिकाणी उभी राहिली. ज्यांना माळवद कधी परवडलं नाही त्यांतले कित्येक त्यामुळेच वाचले. हे मी जेव्हा जेव्हा कुणाला सांगते तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा ‘नियतीचा न्याय’ वगैरे म्हणायच्या तयारीत येतो. कृपा करून म्हणू नये. त्या झोपड्यांमधलीही माणसं दुसऱ्या दिवशी ढिगारे उपसत होती, आणि ढिगाऱ्यात त्यांच्या ओळखीचेच हात लागत होते.

माझं आजोळ त्या बावन्नांतलं, तेरणेकाठचं. मी तेव्हा लातूरला बारावीत होते. आमचं वसतिगृह हललं, भांडी पडली, आम्ही मुली मैदानात येऊन बसलो. आजी गेल्याचं दुपारी कळलं. त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहायची माझी तयारी अजून नाही.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती फारशी सांगितली जात नाही. जमीन त्या रात्री अचानक बोलली नव्हती. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या आसपास लहान लहान हादरे बसत होते. ऑक्टोबरात एक चांगला मोठा बसला. माणसं घाबरली, काही दिवस बाहेर झोपली, काहींनी गाव सोडलं. मग हादरे विरळ झाले, सुगी आली, आणि सगळी परत माळवदाखाली. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, इथं भूकंप होत नाहीत, असं शाळेतही शिकवत होते आणि नकाशेही तेच सांगत होते. भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. रंग बदलला तो नंतर.

माझी मावशी जिथं दिली होती ते गाव किल्लारीपासून जरा लांब. तिथं घरं पडली नाहीत, फुटली. तिच्या सात खणांच्या घराचा एक कोपरा उघडला होता, त्यातून बाहेरचा निंब दिसे. अशा गावांसाठी सरकारनं वेगळी योजना केली: स्थलांतर नाही, आहे तेच घर दुरुस्त करायचं, मजबूत करायचं. कागदावर सोपं. पण ज्या भिंतींनी शेजारची गावं गिळली त्याच भिंतींत पुन्हा झोपायला जा, हे बायकांना कोण सांगणार? त्यासाठी गावोगावच्या बायकांनाच ‘संवाद सहायक’ नेमलं. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था त्या कामात होती. मावशी तोवर सासऱ्यांसमोर तोंड उघडत नव्हती. ती या कामाला का उभी राहिली हे तिनं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलंय. एकदा म्हणाली, मानधन मिळणार होतं म्हणून. एकदा म्हणाली, घरात बसवत नव्हतं म्हणून. दोन्ही खरं असणार.

इंजिनिअर सांगत: कोपऱ्यांना पट्टे बांधा, भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरा, म्हणजे राहून गेलेला लांब दगड निदान आता तरी बसेल, खांबांना तिरप्या दांड्या मारा. हे सगळं लोक ऐकून घेत. पण ‘माळवदावरची माती कमी करा’ म्हटलं की माणसं गप्प होत. मावशी सांगते, “भिंत फोडू देत हुते, पर मातीला हात लावू देत नव्हते.” गळेल, हे वरवरचं कारण. खरं कारण असं की ती माती कुणी ना कुणी डोक्यावरून वाहून नेलेली होती.

म्हणून तिनं आधी स्वतःच्या घराची उतरवली. हे मी पाहिलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं होते. वरचा थर कुदळीनं सुटत होता, खालचा पहारीशिवाय निघेना. खाली अंगणात बाजेवर तिची सासू बसलेली. टोपलं खाली आलं की ती बोटांनी माती चुरडून बघायची आणि निकाल द्यायची. हे थोरल्याच्या लग्नातलं. हे बहात्तरच्या दुष्काळानंतरचं. हे माझ्या सासऱ्यानं बैलगाडीनं आणलेलं. मातीवरून असं साल ओळखता येतं यावर माझा विश्वास नाही, पण म्हातारी एकदाही अडखळली नाही. खापरं निघाली, बांगडीचे तुकडे निघाले, एक गुळगुळीत झालेला तांब्याचा पैसा निघाला. संध्याकाळी अंगणात जो ढीग झाला तो घराएवढा दिसत होता. मावशी त्याच्याकडं बघत कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, “येवढं डोक्यावर घिऊन झोपत हुतो बग.” मग जरा वेळानं, “वझं कळतच न्हाई. वर्साला टोपलंभर. टोपलं काय जड असतं का?”

पुढच्या पावसात घर तीन ठिकाणी गळलं. ज्यांनी ज्यांनी म्हणायचं त्यांनी म्हणून घेतलं. मावशीनं भांडी ठेवली आणि काकांनी पुढल्या वर्षी पातळ थराखाली मेणकापड अंथरलं. सांगायचा मुद्दा असा की, सगळं साधलं असं काही नव्हतं.

मी पुढे पुण्याला आले, नोकरी लागली, लग्न झालं. पुष्कळ वर्षांनी माझं घर मोडलं तेव्हा जमीन अजिबात हलली नव्हती. भांडण नाही, मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. लोकांना सांगावं असं कारणच नव्हतं आणि तेच फार अवघड गेलं. मी रजा काढून मावशीकडे जाऊन राहिले. ती काही विचारत नसे. शेंगा फोडताना, निवडताना ती भूकंपाच्या वेळच्या कामाचे किस्से सांगे. २००१ च्या भूकंपानंतर इथल्या बायका कच्छला गेल्या होत्या, त्यांत तीही होती. तिथल्या बायकांशी काय बोललीस, असं मी विचारलं. मला वाटलं, धीर, उमेद, असं काहीतरी सांगेल. म्हणाली, “टँकर कवा येतो ते इचारलं. शेड मिळालं का, त्यात न्हाणीला आडोसा हाय का, ते इचारलं. भाषा येत नव्हती. हातानं इचारलं.”

तिच्या घरात आडवी पडले की वर तुळया दिसत. नव्या हलक्या छतावरून पाऊस वाजायचा. पूर्वी जाड मातीखाली तो ऐकूच यायचा नाही. तिथं पडल्या पडल्या मला माझ्या लग्नाची वर्षं दिसायची, आणि त्या प्रत्येक वर्षी गळू लागलेल्या जागी मी नेऊन घातलेलं टोपलं. एका वर्षी बदलीची चांगली संधी सोडली. एका वर्षी मैत्रीण तोडली, ती फार स्पष्ट बोलायची म्हणून. पुढे ‘चालायचंच’ हा शब्द. त्या वेळी यातलं काहीच जड नव्हतं. उलट घरात गारवा होता. सगळे म्हणत, किती शांत घर आहे तुमचं. माझ्या सासूबाई मला चारचौघांत सोशिक म्हणत आणि मला ते आवडे. त्या आवडण्याचाही एक थर असणार.

अशा दिवसांनंतर माणूस नवा होतो, कणखर होतो, असं वाचायला मिळतं. भूकंपानंतर वर्तमानपत्रांत ‘जिद्द’ हा शब्द इतक्या वेळा आला की आमच्याकडचे लोक तो थट्टेनं वापरायला लागले. चहा उशिरा आला की, जिद्द ठेवा. मला स्वतःत कणखर असं काही सापडलेलं नाही. बदललं ते इतकंच की एक उत्तर लहान होत गेलं. लग्नकार्यात कुणी विचारलं, “मिस्टर नाही आले?” की सुरुवातीला मी पाच मिनिटं बोलायची. त्यांचा स्वभाव, माझा स्वभाव, दोघांचं कसं काही चुकलं नाही, हल्ली कसं असतं. मग दोन मिनिटांवर आलं. आता मी “आम्ही वेगळे झालो” एवढं म्हणते आणि जिलेबी घेते. विचारणाऱ्याला पुढे काय बोलावं कळत नाही. ती त्याची अडचण.

मात्र माझ्या मामाचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आजोळचं गाव नव्या जागी वसलं. आखीव रस्ते, ओळीनं घरं, ज्याच्या नावावर जमीन जितकी त्या मानानं घर: अडीचशे, चारशे नाहीतर साडेसातशे चौरस फूट. मामाला चारशेचं मिळालं. पक्कं, सिमेंटचं, भूकंपाला टिकेल असं. त्यात त्यानं कडबा, खताची पोती आणि औजारं ठेवली, आणि स्वतः अंगणात पत्र्याच्या छपराखाली बाज टाकून झोपत राहिला. थंडीत, पावसात, शेवटपर्यंत. त्याला समजावायला सगळे गेले, मावशीसुद्धा. तिनं त्याला खांब दाखवले, पट्टा दाखवला. तो म्हणाला, “तू म्हंतीस ते खरं असंल.” आणि बाजेवर जाऊन बसला. त्याला कुणी मागे राहिलेला म्हटलं की मला राग येतो. ज्या हातांनी आईला उपसून काढलं त्या हातांनी छताखाली अंथरूण घालायचं की नाही, हे त्याचं त्यानं ठरवलं होतं. आपत्तीनं प्रत्येकाला काही शिकवलंच पाहिजे, आणि शिकलेलं प्रत्येकानं दाखवलंच पाहिजे, हा आग्रह ज्यांच्यावर काही कोसळलेलं नसतं त्यांचाच जास्त असतो, असं माझं मत होत चाललंय.

मावशी आता सत्तरीची आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. गेल्या वर्षी नातवानं जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधायला काढलं. तिनं हरकत घेतली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल असं मला वाटलं होतं, पण तिला तुळया विकून किती आले यात जास्त रस होता. मात्र रोज सकाळी ती काठी टेकत बांधकामावर जाऊन बसायची. गवंडी तरुण पोरगा, भूकंपानंतर जन्मलेला. कॉलमच्या रिंगा बांधत होता. मावशीनं विचारलं, “किती इंचावर बांधतूस?” तो म्हणाला, आठ. “सांध्यापाशी बी आठच?” पोरगं हसलं. म्हणालं, आजी, आता कुठं भूकंप होतोय. तिनं त्याला खाली बोलावलं, एक रिंग हातात घेतली, टोकं बघितली. टोकं नुसती काटकोनात दुमडलेली होती.

“ही आत वळव,” ती म्हणाली. “पार आत. आन् सांध्यापाशी चार इंचावर घे. बांधल्यात तेवढ्या सगळ्या सोड.”

नातू म्हणाला, आजी, मजुरी वाढंल. मावशी म्हणाली, वाढू दे, आणि माझ्याकडं वळून चहा सांगायला लावला, पोरासाठी साखर जास्त.